सातवा खड्डा

“हितं नको, खाली खण,” चिमाबाई म्हणाली.

तोवर माझा पहिला टिकाव पडला होता, आणि लोण्यात पडावा तसा पडला होता. आदल्या दोन दिवसांत आसपासच्या रानात सहा खड्डे खणून माझ्या हाताला फोड आले होते. सह्याद्रीच्या त्या उतारावर दगड, मुळ्या आणि पुन्हा दगड एवढंच होतं. इथं मात्र खोलीएवढी सपाटी होती, काळपट भुसभुशीत माती होती आणि जवळपास एकही मोठं झाड नव्हतं. असली जागा सोडून खाली मुळ्यांच्या गुंत्यात कोण जाईल?

“आजी, तुमचं शेत कुठपासून कुठपर्यंत होतं म्हणालात?”

“त्या वरच्या ऐनाच्या झाडापास्नं पार खालच्या वघळीपत्तुर.”

“मग ही सपाटीही शेतातलीच ना?”

“व्हय तर.”

“मग एका शेतात कुठंही खणलं तरी सारखंच.”

“नाचणी खाली व्हायची,” ती म्हणाली.

“आणि इथं?”

“हितं बी आसायची. पर हितं ल्हान. मोठी व्हायची ती खाली.”

मी मनाशी म्हटलं, वरच्या अंगाला पीक खुरटं येत असणार, आमच्याकडंही येतं. तिला म्हणालो, “मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे, आजी. मंगळवेढ्याकडचा. मला शेतातलं कळतं.”

“आसंल बाबा,” ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन दगडावर बसली. “तुला कळतंय तर खण.”

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची आहे. मी तेव्हा पीएच.डी. करत होतो आणि सावरदरा नावाच्या, तीस-पस्तीस उंबऱ्यांच्या महादेव कोळ्यांच्या गावात शाळेच्या खोलीत मुक्कामाला होतो. गावानं मला पहिल्याच दिवशी मातीचोर असं नाव ठेवलं होतं. इतक्या लांबून येऊन, स्वतः खणून, पिशव्या भरभरून माती नेणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता. “मातीचोर आला, चहा टाक गं,” असं माझ्या तोंडावर म्हणायचे. चहा मात्र चांगला असायचा.

चिमाबाई लांघी पासष्टीची असेल. सडपातळ, ताठ, एका डोळ्यात फूल पडायला लागलेलं. मी ज्या जागेवर खणत होतो ती तिच्या सासऱ्यानं कसलेली आणि पुढं तिनं नवऱ्याबरोबर बारा वर्षं कसलेली. मग वनखात्याची माणसं आली, ही जागा जंगलाची आहे म्हणाली, उभ्या पिकात गुरं सोडली आणि चर मारून झाडं लावली. त्याला त्या वेळी पंचवीस वर्षं होत आली होती. झाडं वाढली होती, त्यांच्यात रानातली आणखी झाडं आपणहून येऊन मिसळली होती आणि ते सगळं आता जंगलच दिसत होतं. बांध नाही, खुंट नाही. पुढं नवा कायदा आला. जंगलातली कसणूक सिद्ध करा, हुसकावलं असेल तर तेही सांगा, जमीन नावावर होईल, असा तो कायदा. चिमाबाईनं दावा टाकला होता. तिच्याकडं कागद एकही नव्हता. गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब होते आणि ती स्वतः होती.

“तुझ्या मातीत निघंल का रं आमची नाचणी?” खड्डा मांडीएवढा झाल्यावर तिनं विचारलं.

“निघायला पाहिजे, आजी. तेच तर बघतोय.”

“मंग माझ्या कामाला यील ते.”

“येईल की,” मी म्हणालो.

तिच्या कामाला यावं म्हणून मी खणत नव्हतो, हे खरं. पण तसं झालं असतं तर मला आवडलं असतं, हेही खरंच.

मी जे करत होतो ते सांगायला सोपं आहे. हवेतला कार्बन दोन तऱ्हेचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. झाडं जडाला फारशी जवळ करत नाहीत. नाचणी, ज्वारी, ऊस आणि डोंगरावरची बरीचशी गवतं त्यातला जरा जास्त घेतात. पालापाचोळा, मुळं, धसकटं कुजून मातीत मिसळली की ही खूण मातीत राहते आणि शे-दोनशे वर्षंसुद्धा टिकते. वर आज आंबा असो की साग, खालच्या मातीला विचारलं की ती सांगते, माझ्यात आधी काय वाढलं होतं. झाडांचा आकडा उणे सत्तावीसच्या आसपास येतो, नाचणीचा उणे बाराच्या. शेत मोडून जंगल झालं असेल तर मधलं काहीतरी यायला हवं.

खड्ड्याच्या भिंतीतून मी दर चार बोटांवर माती काढली, खालून वर, म्हणजे वरची खाली सांडू नये. कोळशाचे बारीक तुकडे पुष्कळ निघाले. वहीत लिहिलं, ‘जुने वणवे’. सगळ्या पिशव्यांवर सात आकडा टाकला आणि खड्डा बुजवला. चिमाबाईनं तिच्या फडक्यातली भाकरी अर्धी मोडून मला दिली. भाकरी नाचणीचीच होती.

माती वाळवली, चाळली, चिमट्यानं केसाएवढी मुळं वेचून काढली, पीठ केलं. दूरच्या एका संस्थेतल्या यंत्राची पाळी मिळायला चार महिने लागले. आकडे आले तेव्हा मी सातव्या खड्ड्याचा कागद तीनदा वाचला. उणे साडेसव्वीस. खाली उणे सव्वीस. त्याच्या खालीही तेच. वरपासून मांडीएवढ्या खोलीपर्यंत झाडं, झाडं आणि झाडंच. नाचणीचा मागमूस नाही.

माझ्या मार्गदर्शक टिपणीस मॅडम खूश झाल्या. “श्रीशैल, ही तुझी खरी बातमी आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या खड्ड्यांत जे अपेक्षित तेच आलंय. इथं लोकांची आठवण एक सांगते आणि माती दुसरंच. हे पुढं आण.”

मी पुढं आणलं. त्यावर एक लेख लिहिला आणि तो परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकानं घेतला. आमच्या विभागात पेढे वाटले गेले. जंगलात खणायची परवानगी देताना खात्यानं अट घातली होती, अहवालाची एक प्रत द्यायची. तीही मी दिली. तिच्यात एक वाक्य होतं: ‘स्थानिक रहिवाशांच्या सांगण्याविरुद्ध, खड्डा क्रमांक सातच्या जागी पूर्वी नाचणी किंवा तत्सम पिकाची शेती झाल्याचा कोणताही पुरावा मातीत आढळत नाही.’ ते वाक्य लिहिताना मला चिमाबाई आठवली होती. वाईट वाटलं होतं, पण फार नाही. म्हाताऱ्या माणसांचं असं होतंच, असं मी स्वतःला समजावलं होतं.

माघ महिन्यात प्रांत कार्यालयातून पत्र आलं. चिमाबाईच्या दाव्याची सुनावणी होती आणि माझ्या अहवालाबाबत खुलासा करायला मला बोलावलं होतं.

मी पोचलो तेव्हा ती व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. धुवट नऊवारी, पायात नव्या चपला. त्या काढून बाजूला ठेवलेल्या, कारण चावत होत्या. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

“आला का मातीचोर! मला वाटलंच, तू येशील माझ्या बाजूनं बोलाया.”

तिला काहीच माहीत नव्हतं. अहवाल इंग्रजीत होता. मी तिच्या शेजारी बसलो खरा, पण अहवालाचं सांगायचं टाळून तिच्या चपलांचीच चौकशी केली. आत कुणाची तरी दुसरी सुनावणी चालली होती, आमचा नंबर यायचा होता. आवारात झाडलोट करणाऱ्या बाईनं वाळल्या पानांचा ढीग करून पेटवला आणि धूर आमच्याकडं आला. मी रुमाल नाकाला लावला. चिमाबाईनं मात्र तो छातीभरून घेतला.

“राब भाजल्यावानी वास येतोय बघ,” ती म्हणाली.

“राब म्हणजे?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसायला लागली. “आरं, शेतकऱ्याचा ना तू? राब ठावं न्हाय?”

“आमच्याकडं नसतं तसलं काही. आम्ही पाभरीनं पेरतो आणि मोकळे होतो.”

“तुमची जवारी. तिला कोण लाड करतंय?” तिनं हातानं जमिनीवर चौकोन दाखवला. “नाचणीचं आधी रोप करावं लागतं. ल्हान जागा घ्यायची, सपाट. शिमग्याच्या आधी-मागं तिच्यावर पसरायचं ऐनाचं टहाळ, जांभळीचं टहाळ, मिळंल तो पालापाचोळा, ह्येवढा थर. वर बारीक माती. आन मंग पेटवायचं. हळूहळू जळलं पायजे, भडका न्हाय. माती भाजून निघती, तण मरतं. त्येच्यात बी टाकायचं. रोप वितीयेवढं झालं की उपटून खाली न्हेऊन लावायचं.”

“गवत नाही टाकत त्यात?”

“गवत गुरांना लागतं, बाबा. रानातला पाला हाय की फुकाचा. वर्साला चाळीस-पन्नास भारं पाला आणलाय मी डोक्यावरनं. मान आखडून जायाची.”

“दर वर्षी त्याच जागेवर?”

“मंग? सासऱ्याच्या येळंपास्नं तीच जागा. दुसरीकडं सपाटी कुठं हाय?”

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. “कुठली जागा, आजी?”

“आता घ्या! तू खणलंस ना, तीच. म्हनून तर मी तुला म्हनत व्हते, खाली खण.”

धूर निघून गेला. मी तसाच रुमाल धरून बसलो होतो. सासऱ्याच्या वेळेपासूनची कितीतरी वर्षं, दर शिमग्याला, चाळीस-पन्नास भारे झाडांचा पाला. झाडांचा कार्बन डोक्यावरून आणून त्या एवढ्याशा तुकड्यात भाजून मातीत घातलेला. आणि नाचणीचं रोप वीतभर झालं की मुळासकट उपटून नेलेलं. त्या जागी झाडांशिवाय दुसरा आकडा येणार होता कुठून? मी वहीत लिहिलेले जुने वणवे तिनं स्वतःच्या हातानं लावलेले होते. सगळ्या डोंगरात तिच्या शेताची ग्वाही न देणारी एकच जागा होती, आणि ती नेमकी मी शोधून काढली होती, का, तर तिथं टिकाव सहज जात होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमचे आजोबा म्हणायचे. मला वाटायचं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणतायत.

तेवढ्यात शिपायानं पुकारा केला, “चिमाबाई लांघी!”

खोलीत लांब टेबल होतं. प्रांत मॅडम मधे, तरुणच होत्या. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. शेजारी समितीचे दोन सदस्य, अलीकडं वनखात्याचे घोलप. घोलप भला माणूस होता. मला जंगलात खणायची परवानगी त्यानंच धावपळ करून मिळवून दिली होती. त्यानं माझ्या अहवालातलं ते वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचलं.

“श्रीशैल बिराजदार, हे तुम्हीच लिहिलंय?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“यात दिलेले आकडे बरोबर आहेत? यंत्राची वगैरे काही चूक?”

किती नेमका प्रश्न होता! त्यांनी विचारलं असतं की त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का, तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं. त्यांनी आकड्यांचं विचारलं. महिन्यानं माझी तोंडी परीक्षा होती. लेख छापायला गेला होता. टिपणीस मॅडम त्यावर दोन ठिकाणी भाषणं करून आल्या होत्या. आणि मी मनात म्हटलं, आत्ता सगळ्यांसमोर गोंधळ कशाला, नीट तपासून नंतर लेखी कळवू. शास्त्रीय पद्धत तीच.

“आकडे बरोबर आहेत, मॅडम,” मी म्हणालो.

नरो वा कुंजरो वा म्हणताना धर्मराजानं निदान पुटपुटल्यासारखं केलं होतं. मी स्वच्छ आवाजात म्हणालो.

चिमाबाईनं मॅडमकडं, मग घोलपकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. “काय म्हनतोय त्यो? मातीत नाचणी न्हाय म्हनतोय?”

“हो आजी,” मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या. “त्यांनी यंत्रावर तपासलंय. त्या जागी कधीच शेती नव्हती असं दिसतंय. तिथं आधीपासून जंगलच होतं.”

ती भांडेल असं मला वाटलं. मनातून मला तेच हवं होतं. तिनं आवाज चढवावा, राबाचं सांगावं, म्हणजे ते माझ्या तोंडून निघायला नको. पण राबाचा आणि यंत्राचा काय संबंध हे तिला कुठून कळणार? ते त्या खोलीत एकट्या मलाच कळत होतं. चिमाबाईनं फूल पडलेला डोळा बोटानं चोळला.

“यंत्र कशाला खोटं बोलंल?” ती म्हणाली. “मंग माझीच जागा चुकली आसंल. झाडं लई वाढल्याती. पंचवीस वर्सं झाली, डोळ्याला बी धड दिसत न्हाय आता. मीच भलती जागा दावली आसंल ह्येला.”

“म्हणजे तुम्ही दाखवलेली जागा चुकीची होती?” घोलपनं विचारलं.

“चुकली आसंल.”

“मग खरी जागा कोणती?”

तिनं मान हलवली. “आता न्हाय सांगता यायची. ती चुकली तर दुसरी बी चुकंल.”

कारकुनानं ते लिहून घेतलं. ‘अर्जदाराने दाखविलेली जागा आपली नसल्याचे व खरी जागा सांगता येत नसल्याचे कबूल केले.’ वाचून दाखवलं. शाईची डबी पुढं सरकवली. माझ्या आणि त्या डबीच्या मधे चार हातांचं अंतर होतं. मी उठू शकत होतो. उठलो नाही. तिनं अंगठा उठवला आणि पदराला पुसला.

बाहेर आल्यावर तिनं चपला हातातच घेतल्या. माझ्याजवळ थांबली.

“दादा, तुला उगा खणाया लावलं रं मी,” ती म्हणाली. “हाताला फोड आलं व्हतं तुझ्या.”

एवढं बोलून ती अनवाणी एसटी स्टँडकडं चालायला लागली. मला स्वतःची लाज वाटली. नंतर पुष्कळ वेळा वाटली, पण त्या दिवशीची वेगळी होती. ती कुणापाशी बोलून दाखवायला ठिकाणच नव्हतं.

अकरा दिवस मी कुणाशी बोललो नाही. बाराव्या दिवशी टिपणीस मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “खात्री आहे?” मी म्हणालो, खणून बघतो. सावरदऱ्यात गेलो, पण गावात शिरलो नाही. परभारे वरच्या वाटेनं रानात उतरलो आणि ती पहिल्या दिवशी सांगत होती त्या जागी, खालच्या अंगाला, मुळ्या तोडत दोन दिवस खणलं. या वेळी यंत्राची पाळी मॅडमनी स्वतः शब्द टाकून लवकर मिळवली. उणे सतरा, उणे सोळा, उणे सतरा. खरं तर एवढ्यावरून नाचणी आणि गवत यांतला फरक सांगता येत नाही. पण मातीत नाचणी भाजल्यावर उरतात तशी सालपटं सापडली, एका दगडी बांधाचा पायाही लागला. मला त्याचीही गरज नव्हती. मला व्हरांड्यातच सगळं कळलं होतं.

लेख मागं घेतला. प्रबंधातलं एक प्रकरण गेलं आणि दीड वर्ष वाढलं. हे सांगतो ते मोठेपणा म्हणून नाही, झालं ते झालं. प्रांत कार्यालयाला मी सहा पानांचं पत्र लिहिलं, माझ्या चुकीचं, राबाचं, नव्या आकड्यांचं. पंधरा दिवसांत उत्तर आलं. उत्तर सभ्य होतं. दावा आपल्या अहवालाच्या आधारे नव्हे, तर अर्जदाराच्या स्वतःच्या कबुलीवरून नामंजूर झालेला आहे, सबब आपल्या पत्रावर कार्यवाहीचे प्रयोजन उरत नाही. पुढं जिल्ह्याच्या समितीकडं अपील झालं, तिथंही मी जाऊन बोललो, या वेळी कुणी न विचारता. चार वर्षांनी अपील फेटाळलं गेलं. त्यांनी तिच्या अंगठ्याचा तो कागद काढून समोर ठेवला.

पण मी सांगतोय ते त्याच वैशाखातलं. ते उत्तर खिशात घालून मी सावरदऱ्याला गेलो, या वेळी गावातून, सरळ वाटेनं.

हिरड्याचे दिवस होते. त्या भागात कोवळे हिरडे वेचून, वाळवून विकतात, वर्षाचा मिठामिरचीचा खर्च त्यावर निघतो. प्रत्येक ओट्यावर हिरवे-काळे हिरडे पसरले होते. चिमाबाईच्या ओट्यावर मात्र काहीच नव्हतं. ती भिंतीला टेकून नातवाचा सदरा शिवत बसली होती, डोळ्याच्या अगदी जवळ धरून. सुनेनं मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, “त्या साहेबाकडनं आल्यापास्नं आत्या रानात पाय ठेवत न्हाईत. म्हनत्यात, मला जागा ठावी ऱ्हात न्हाय, वाट चुकंन. मी एकली किती येचू?”

चाळीस वर्षं जी बाई त्या रानात डोळे मिटून फिरत होती, ती तीन महिने ओट्यावर बसून होती. जमिनीचं तर मी नुकसान केलंच होतं. हे दुसरं नुकसान मला माहीत नव्हतं.

मी तिच्यासमोर बसलो. “आजी, तुमची जागा बरोबर होती.”

तिनं सुई थांबवली.

“तुम्ही दाखवलीत तिथंच शेत होतं. मी राबाच्या जागेवर खणलं, म्हणून पाल्याचा आकडा आला. आता खाली खणलं. नाचणी आहे. बांधही सापडला.”

“ऐनाच्या खालचा?”

“ऐनाच्या खालचा.”

“त्यो माझ्या नवऱ्यानं रचला व्हता,” ती म्हणाली. मग सदरा मांडीवर ठेवून, “कधी कळलं तुला?”

मी येताना एसटीत ठरवलं होतं, की हे एवढं तरी खरं सांगायचं. “त्याच दिवशी. तुम्ही व्हरांड्यात राबाचं सांगितलंत तेव्हा.”

“आत जायच्या आधी?”

“आत जायच्या आधी.”

“म्हंजी मी म्हनत व्हते, माझी जागा चुकली, तवा तुला ठावं व्हतं, न्हाय चुकली म्हनून.”

“हो.”

सून पदर तोंडाला लावून उभी होती. मी शिव्या खायच्या तयारीनं बसलो होतो. गावानं मला हाकलून लावलं असतं तरी बरं वाटलं असतं. चिमाबाईनं सदऱ्यातली सुई काढली, दोरा गुंडाळला, सगळं कोनाड्यात ठेवलं. उठली.

“पाटी दे गं,” ती सुनेला म्हणाली.

“आत्या, मी येते संगं.”

“कशाला? मला काय वाट ठावी न्हाय?”

मीही उठलो. “आजी, मी येऊ?”

“तू बस,” ती म्हणाली. “तुला त्यातलं कळत न्हाय.”

पाटी काखेला मारून ती गेली. शेवटच्या घरापलीकडं वळली आणि झाडांत दिसेनाशी झाली. मी बसून राहिलो. सूनही काम सोडून सारखी दारात येत होती. दुपारची एसटी गेली, मग पाचची. ऊन ओट्यावरून उतरून अंगणाच्या कडेला गेलं, तेव्हा ती आली. पाटी शिगोशीग भरलेली, कपाळाला घाम, हातावर काट्यांचे ओरखडे. येताना सुनेला लांबूनच सांगत आली, कुठल्या टेपाडावर यंदा माल आहे आणि कुठल्या झाडाला किडे लागलेत ते.

“आजून हायस?” मला म्हणाली.

उत्तराची वाट न बघता तिनं पाटी ओट्यावर उपडी केली आणि निवडायला बसली. चांगले एका बाजूला, किडके एका बाजूला. मी जरा पुढं सरकलो आणि हात लावला. तिनं मला नको म्हटलं नाही. पण मी निवडून टाकलेला एकेक हिरडा ती पुन्हा उचलायची, डोळ्याजवळ नेऊन उलटसुलट बघायची आणि मगच ढिगात टाकायची.